ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी कोणतं मॅन्युअल, कुठलं पान: जळगावच्या ठिबक-कंट्रोलरच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात केळीच्या बागेसाठी पाणी आणि खत सोडणारा कंट्रोलर तयार होतोय. बोर्ड बीगलबोन ब्लॅक (एक छोटा संगणक-बोर्ड), त्यावर लिनक्स. सोबत डीएस३२३१ हे घड्याळ, एडीएस१११५ हा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप (त्याला जमिनीच्या ओलाव्याचे ४ ते २० मिलिअँपिअरचे सेन्सर), आणि व्हॉल्व्ह उघडझाक करणारं कारखान्याचं स्वतःचं मायक्रोकंट्रोलर कार्ड. सगळं एकाच आय-टू-सी बसवर (दोन तारांवर अनेक चिप जोडायची पद्धत). हाताशी 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीची झेरॉक्स आणि पीडीएफचा ढीग. तीन ड्रायव्हर (चिपशी बोलणारे कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, प्रोग्राम) लिहायचेत, तर काय वाचायचं आणि कुठून सुरुवात करायची?

आधी काम कमी करू. तीन नाही, फार तर एक ड्रायव्हर लिहायचाय, आणि तोही कदाचित टळेल. डीएस३२३१ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, फक्त फाइलचं नाव आरटीसी-डीएस१३०७ असं असल्यामुळे शोधताना सापडत नाही. एडीएस१११५ चा आयआयओ (सेन्सर आणि एडीसींच्या) विभागात टीआय-एडीएस१०१५ या नावाखाली आहे. एका कुटुंबातल्या सगळ्या चिप एकाच फाइलमध्ये असतात आणि फाइलला नाव बहुधा पहिल्या चिपचं मिळतं. म्हणून फाइलच्या नावावरून शोधू नका. कर्नलच्या सोर्सच्या झाडात ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) मारून 'कम्पॅटिबल' स्ट्रिंग, म्हणजे ड्रायव्हरला चिपची ओळख पटवणारं नाव, शोधा. ती सापडली की ड्रायव्हर आहे, आणि तुमचं काम उरतं डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) चार ओळींचं.

त्या चार ओळी मात्र नीट वाचूनच लिहाव्या लागतात. त्यासाठी लागणारं मॅन्युअल म्हणजे कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमधलं डिव्हाइसट्री-बाइंडिंग्ज. एडीएस१११५ च्या बाइंडिंगमध्ये चॅनेल क्रमांक ० ते ३ म्हणजे दोन पिनांमधला फरक, आणि ४ ते ७ म्हणजे एक पिन ग्राउंडच्या तुलनेत. तुमचे सेन्सर ग्राउंडच्या तुलनेत आहेत, म्हणजे पहिला सेन्सर चॅनेल ४. इथे ० लिहिलं तर आकडे येतात, तेही पटण्यासारखे, पण ते पहिल्या आणि दुसऱ्या सेन्सरच्या वजाबाकीचे. दोन्ही वाफे सारखे ओले असले की शून्याच्या आसपास, आणि मग सगळे सेन्सरला शिव्या देत बसतात.

आता झेरॉक्सबद्दल. ते पुस्तक २००५ चं आहे आणि कर्नल २.६.१० धरून लिहिलंय. एकाच वेळी दोन धागे एकाच डेटाला हात लावतात तेव्हा काय होतं, इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच मारलेली हाक) काय करायचं नाही, मेमरी मॅपिंग म्हणजे काय, ही प्रकरणं आजही वाचावीत. त्यातला कोड मात्र कंपाइल करायला जाऊ नका. फाइल ऑपरेशन्समधलं जुनं आयओसीटीएल २.६.३६ मध्ये गेलं. टायमर मांडण्याची पद्धत ४.१५ मध्ये बदलली. ॲक्सेस-ओके या मॅक्रोचा पहिला आर्ग्युमेंट ५.० मध्ये काढला. आय-टू-सी ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन ६.१ पासून काहीच परत करत नाही, प्रोबचा (चिप सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनचा) दुसरा आर्ग्युमेंट ६.३ मध्ये गेला, क्लास-क्रिएटचा पहिला ६.४ मध्ये. शिवाय डिव्हाइस ट्री, रेगमॅप (चिपची रजिस्टरं, म्हणजे तिच्यातल्या क्रमांकाच्या नोंदी, वाचण्या-लिहिण्याचा सामायिक थर) आणि डेव्हएम (घेतलेल्या गोष्टी आपोआप परत करणारी) फंक्शनं त्या पुस्तकात नाहीतच, आणि आजचा साधा आय-टू-सी ड्रायव्हर तर या तिघांवरच उभा असतो. कर्नलच्या आतले इंटरफेस मुद्दाम स्थिर ठेवले जात नाहीत, आणि ते का हे कर्नलच्याच कागदपत्रांत स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणून लिनक्ससाठी छापील मॅन्युअल आणि बोर्डावर चालणारं कर्नल यांची जोडी कधीच पूर्ण जुळत नाही.

जुळणारं मॅन्युअल एकच: तुमच्या बोर्डावर जे कर्नल आहे त्याच टॅगचा (आवृत्तीच्या खुणेचा) सोर्स. बोर्डावर यूनेम-आर (कर्नलची आवृत्ती दाखवणारी आज्ञा) चालवा, तोच टॅग गिटमधून काढा, आणि त्या झाडात मेक एचटीएमएलडॉक्स द्या. स्फिंक्स हे कागदपत्रं बांधणारं साधन बसवलेलं लागतं. सगळं बांधायला बराच वेळ जातो, म्हणून स्फिंक्सडर्स या व्हेरिएबलला ड्रायव्हर-एपीआय एवढंच देऊन तो एक विभाग बांधता येतो. पानं डॉक्युमेंटेशनच्या आत आउटपुटमध्ये तयार होतात आणि वीज-नेट गेलं तरी लॅपटॉपवर उघडतात. ती पानं फंक्शनच्या वर सोर्समध्येच लिहिलेल्या कॉमेंटवरून बनतात, त्यामुळे कोड आणि पान एकाच आवृत्तीचे राहतात. सर्च इंजिनवर पहिलं येणारं पान मात्र कुठल्याही आवृत्तीचं असू शकतं.

इतर सिस्टिमवर मांडणी वेगळी आहे, पण सगळीकडे एक ओळ शोधायची: हे फंक्शन कुठल्या परिस्थितीत बोलावता येतं. सोलारिसच्या परंपरेत ड्रायव्हरचं मॅन्युअल नवव्या विभागात असतं: ९ई मध्ये ड्रायव्हरने पुरवायची फंक्शनं, ९एफ मध्ये कर्नलने दिलेली, ९एस मध्ये स्ट्रक्चर. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडीतही कर्नलची फंक्शनं नवव्या विभागातच आहेत. विंडोजच्या ड्रायव्हर किटच्या प्रत्येक फंक्शनच्या पानावर तळाशी एक तक्ता असतो आणि त्यात आयआरक्यूएल (इंटरप्टची पातळी) नावाची ओळ. सोलारिसच्या पानावर त्याच जागी 'कॉन्टेक्स्ट' हा मथळा, लिनक्सच्या कॉमेंटमध्येही 'कॉन्टेक्स्ट' हीच ओळ.

नवखा माणूस मॅन्युअल उघडतो, फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट पाहतो आणि बंद करतो. ते तर एडिटरही दाखवतो. मॅन्युअल उघडायचं ते या कॉन्टेक्स्टच्या ओळीसाठी. हे फंक्शन झोपू शकतं का, म्हणजे मध्येच थांबून वाट पाहतं का? इंटरप्टमधून बोलावलं तर चालतं का? कुलूप हातात धरून? आय-टू-सीवरचं वाचन झोपतं, कारण १०० किलोहर्ट्झवर एक बाइट जायला साधारण ९० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काम करतो. म्हणून एडीसीच्या 'रेडी' पिनवर इंटरप्ट आला आणि तुम्ही हार्ड हँडलरमध्येच (इंटरप्ट येताक्षणी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आय-टू-सी वाचायला गेलात, की लॉगमध्ये 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' दिसतं. कधी दिसतं, कधी नुसताच बोर्ड गोठतो. उपाय म्हणजे थ्रेडेड इंटरप्ट: वाचनाचं काम झोपू शकणाऱ्या वेगळ्या धाग्यात. आणि त्यात पहिला हँडलर रिकामा ठेवला तर वनशॉट हा फ्लॅग द्यावा लागतो, नाहीतर रिक्वेस्ट ईइनव्हॅल (चुकीचा आर्ग्युमेंट) देऊन परत येते. टेबलावरच्या बोर्डासाठी कर्नल बांधताना डीबग-ॲटॉमिक-स्लीप आणि प्रूव्ह-लॉकिंग हे दोन पर्याय चालू ठेवा. मॅन्युअलमधली न वाचलेली ओळ ते लॉगमध्ये वाचून दाखवतात. शेतात जाणाऱ्या बिल्डमध्ये बंद करा, वेग खातात.

दुसरी ओळ एककांची. आयआयओमध्ये स्केलने गुणल्यावर व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये यायला हवं, तापमान मिलिअंशात. हार्डवेअर मॉनिटर विभागातही मिली. पण रेग्युलेटर आणि पॉवर-सप्लाय विभागात मायक्रोव्होल्ट. ही माहिती फंक्शनच्या पानावर नसते, डॉक्युमेंटेशनच्या एबीआय फोल्डरमध्ये असते, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

चिपची पत्रकं

डेटाशीटमध्ये पहिल्याच पानांवर दोन तक्ते जवळजवळ असतात: ॲबसोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज आणि रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्स. पहिला तक्ता सांगतो की याच्या पुढे चिप मरेल. चिप नीट चालेल कुठे, हे दुसरा सांगतो. डिझाइन नेहमी दुसऱ्यावर. खानदेशात याला जास्तच अर्थ आहे. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बांधावर उन्हात ठेवलेल्या बंद डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते. डीएस३२३१ दोन प्रकारांत मिळतं: शेवटी एस असलेलं ० ते ७० अंशांसाठी, एसएन असलेलं उणे ४० ते ८५ साठी. दोघांचा रजिस्टर नकाशा एकच, ड्रायव्हरला फरक कळत नाही, बाजारातल्या तयार मॉड्यूलवर कुठलं लावलंय ते भिंगाखाली खुणा पाहूनच कळतं. चिपमध्ये स्वतःचं तापमान मोजायची सोय आहे (हेक्स ११ आणि १२ ही रजिस्टरं, पाव अंशाच्या पायरीने, दर ६४ सेकंदांनी नवं). ते लॉगमध्ये टाकत चला, डब्याच्या आत काय चाललंय ते फुकटात कळेल.

त्याच निळ्या मॉड्यूलबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत. एक, त्यावर एक ईईप्रॉमही (वीज गेली तरी माहिती जपणारी छोटी मेमरी) असते आणि तिचा पत्ता बहुधा हेक्स ५७. बीगलबोनवर याच बसवर हेक्स ५४ ते ५७ हे पत्ते वर बसणाऱ्या केपच्या (जोड-बोर्डाच्या) ईईप्रॉमसाठी डिव्हाइस ट्रीत आधीच लिहिलेले आहेत. त्यामुळे तुमच्या घड्याळाची ईईप्रॉम कर्नलला चौथी केप वाटते. मॉड्यूलवरचे पत्त्याचे पॅड सोल्डर करून पत्ता ५३ किंवा त्याच्या खाली न्या, किंवा ईईप्रॉम काढून टाका. दोन, मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर त्यावरचे पुल-अप (तार वरच्या व्होल्टेजला धरणारे रेझिस्टर) दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढतात, आणि बीगलबोनच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. शिवाय चार्जिंगचा रेझिस्टर असलेल्या मॉड्यूलमध्ये ५ व्होल्टवर साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल चार्ज व्हायला लागतो. मॉड्यूल ३.३ वरच चालवा.

आता एडीसी. सेन्सरच्या तारेत १०० ओमचा रेझिस्टर टाकला की ४ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट आणि २० ला २ व्होल्ट. एडीएस१११५ ची २.०४८ व्होल्टची रेंज त्यावर बरोबर बसते. त्या रेंजमध्ये एक पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे ४ मिलिअँपिअरला ६४०० आणि २० ला ३२००० असा आकडा दिसायला हवा. पहिल्या दिवशी हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. ड्रायव्हर तपासण्यासाठी सेन्सरची गरज नाही, एक स्थिर व्होल्टेज आणि मल्टिमीटर पुरे. तार तुटली की करंट शून्याकडे जातो. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली काही आलं तर ते 'जमीन कोरडी' नव्हे, 'तार तुटली' असं धरायचं. पण हा निर्णय वरच्या प्रोग्रामचा. ड्रायव्हरमध्ये घुसवू नका.

चिप बोलतेय का हे ड्रायव्हरआधी आय-टू-सी टूल्सने बघून घ्या. बस २ वर डिटेक्ट चालवलं की ४८ या पत्त्यावर एडीसी दिसेल. ६८ वर घड्याळ. तिथे आकड्याऐवजी 'यूयू' आलं तर घाबरू नका, म्हणजे कर्नलच्या ड्रायव्हरने तो पत्ता ताब्यात घेतलाय. मग एडीसीचं कॉन्फिग रजिस्टर, क्रमांक १, वर्ड (दोन बाइट) म्हणून वाचा. डेटाशीट म्हणते की रिसेटनंतर त्यात हेक्स ८५८३ असतं. स्क्रीनवर येईल ८३८५. चिप खराब नाही. एसएमबसच्या (आय-टू-सीवरच्या एका ठरलेल्या भाषेच्या) नियमाप्रमाणे वर्डचा खालचा बाइट आधी येतो आणि ही चिप वरचा आधी पाठवते. हाच गोंधळ कोडमध्येही होतो, म्हणून कर्नलमध्ये बाइट उलटवून वाचणारं 'स्वॅप्ड' नावाचं वेगळं फंक्शन आहे, किंवा रेगमॅप वापरला तर त्यात एंडियन (बाइटांचा क्रम) सांगता येतो. रिसेटची किंमत माहीत असलेलं रजिस्टर पहिल्यांदा वाचायचं ते याच्यासाठी: पत्ता, तारा, बाइटांचा क्रम, तिन्ही एका वाचनात तपासून होतात.

त्या ८५८३ चे बिट सोडवून बघाच एकदा. वरचा बिट १. त्यानंतरचे तीन बिट ०००, म्हणजे पिन ० आणि १ मधला फरक. पुढचे ०१०, म्हणजे २.०४८ ची रेंज. मग १, एकेक मोजणी करून झोपण्याचा मोड. खालच्या बाइटात १००, सेकंदाला १२८ मोजण्या, आणि शेवटचे ११ म्हणजे कम्पॅरेटर (ठरलेल्या मर्यादेशी तुलना करणारा भाग) बंद. तुम्हाला पिन ० ग्राउंडच्या तुलनेत हवी असेल तर ते तीन बिट १०० होतात आणि वर्ड बनतो हेक्स सी५८३. हे हाताने एकदा केलं की डेटाशीटचा तक्ता कायमचा वाचता येतो.

वेळेचं गणित कुठे चुकतं तेही याच चिपवर दाखवता येतं. सेकंदाला १२८ म्हणजे एका मोजणीला ७.८ मिलिसेकंद. म्हणून ८ थांबलं तर? बहुतेकदा चालेल आणि अधूनमधून मागच्या चॅनेलचा आकडा येईल. कारण विद्युत गुणधर्मांच्या तक्त्यात एक बारीक ओळ आहे: चिपचा आतला ऑसिलेटर १० टक्के इकडेतिकडे असू शकतो. कर्नलमधला ड्रायव्हर उघडून बघा. तिथे चॅनेल किंवा वेग बदलल्यावर जुन्या वेगाचा एक मोजणी-काळ आणि नव्याचा एक असे दोन्ही धरतात आणि वर १० टक्के मिळवतात. सतत मोजण्याच्या मोडमध्ये चॅनेल बदलला तेव्हा जुनी मोजणी अर्धवट चालू असते, ती संपल्यावरच नवी सुरू होते. तक्त्यातल्या एका ओळीची कोडमध्ये एक ओळ झालीय. मेनलाइन (मूळ कर्नलमधला) ड्रायव्हर डेटाशीटसोबत ठेवून वाचायचा तो अशा जागांसाठी.

रेडी पिन वापरणार असाल तर तिला बाहेरून पुल-अप लागतो. कम्पॅरेटरचे शेवटचे दोन बिट ११ वरून हलवावे लागतात, वरच्या थ्रेशोल्डचा सर्वांत मोठा बिट १ आणि खालच्याचा ० करावा लागतो. सतत मोडमध्ये ती पिन फक्त ८ मायक्रोसेकंदांचा ठोका देते, म्हणून इंटरप्ट पडत्या कडेवर घ्या. लेव्हलवर मागितला तर कर्नल बघायला येईपर्यंत ठोका संपलेला असतो.

फ्लॅग पुसण्याची रीत

रजिस्टरच्या तक्त्यात प्रत्येक बिटापुढे एक लहान खूण असते: वाचता-लिहिता येतो, फक्त वाचता येतो, १ लिहिल्यावर पुसतो, वाचल्यावर पुसतो. ड्रायव्हरमधल्या न सापडणाऱ्या चुकांचा मोठा वाटा या खुणेत असतो. तुमच्याच बोर्डावर दोन विरुद्ध रीती शेजारी आहेत. प्रोसेसरच्या जीपीआयओचं (साध्या इनपुट-आउटपुट पिनांचं) इंटरप्ट-स्टेटस रजिस्टर १ लिहिल्यावर पुसतं. तिथे सवयीने 'वाचा, बिट बदला, परत लिहा' केलं तर जेवढे फ्लॅग उभे होते तेवढे सगळे पुसले जातात आणि दुसऱ्या पिनचा इंटरप्ट गडप होतो. तिथे फक्त आपला बिट १ आणि बाकी सगळे ० असं सरळ लिहायचं. डीएस३२३१ च्या हेक्स ०एफ या स्टेटस रजिस्टरात उलटं: अलार्मचे फ्लॅग ० लिहिल्यावर पुसतात आणि १ लिहिलं तर जसेच्या तसे राहतात. तिथे एकच अलार्म पुसायचा तर दुसऱ्याच्या जागी १ लिहायचा. नाहीतर वाचन आणि लेखन यांच्या मधल्या क्षणात वाजलेला दुसरा अलार्म हरवतो.

वाचल्यावर पुसणारा बिट सगळ्यात वाईट. डीबगएफएसमधून (कर्नलच्या आतलं दाखवणारं फोल्डर) रेगमॅपची सगळी रजिस्टरं छापून पाहिली की पाहण्यानेच फ्लॅग जातो, आणि 'डीबग करताना बिघडतं' अशी तक्रार सुरू होते. रेगमॅपमध्ये अशा रजिस्टरांना 'प्रेशस' म्हणून नोंदवायची सोय याचसाठी आहे.

घड्याळाच्या त्याच रजिस्टरात सर्वांत वरचा बिट म्हणजे ऑसिलेटर थांबला होता ही कबुली. शेतीपंपाची वीज पाळीने येते-जाते, तेव्हा कंट्रोलर दिवसात कित्येकदा बंद-चालू होणार. सेल संपला असेल तर चिप १ जानेवारी २००० पासून मोजायला लागते. कर्नलचा ड्रायव्हर बहुतेक आवृत्त्यांत सुरू होताना हा बिट उभा दिसला की तो पुसतो आणि लॉगमध्ये फक्त 'सेट टाइम' असा इशारा देतो, वेळ मात्र देतच राहतो. तुमच्या प्रोग्रामने तो इशारा गिळू नये. खोट्या वेळेवर पाणी सोडण्यापेक्षा वेळापत्रक थांबवून दिवा लावलेला बरा.

याला जोडून बीगलबोनचा एक खास सापळा: प्रोसेसरच्या आत स्वतःचं घड्याळ आहे आणि तेच आरटीसी० म्हणून आधी नोंदलं जातं. तुमचं डीएस३२३१ आरटीसी१ होतं. कर्नल चालू होताना वेळ घेतो बहुधा आरटीसी० कडून, ज्याला सेल नाही. चिप, ड्रायव्हर, सेल सगळं ठीक, तरी वेळ चुकीची. डिव्हाइस ट्रीच्या एलियसेसमध्ये (टोपणनावांच्या यादीत) आरटीसी० हे नाव डीएस३२३१ च्या नोडला द्या.

वेळ वाचताना सातही रजिस्टरं एकाच व्यवहारात वाचायची. सुरुवातीच्या खुणेला चिप वेळेची एक प्रत बाजूला काढून ठेवते. वेगवेगळी वाचली तर २३:५९:५९ ला तास जुना आणि दिवस नवा असा जोड मिळतो.

प्रोसेसरची मॅन्युअलं

बीगलबोनच्या प्रोसेसरचं, म्हणजे एएम३३५एक्सचं, टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल हजारो पानांचं आहे, ते पहिल्यापासून वाचायचं नसतं. पण एक पिन सरळ करायलाही तीन कागद लागतात, आणि कुठला कुठे लागतो ते कळलं की अर्धी लढाई संपते. समजा पी९ या हेडरची २० क्रमांकाची पिन. ती प्रोसेसरच्या कुठल्या पिनला जाते हे बोर्डाच्या रेखाचित्रात: यूएआर्ट१-सीटीएसएन. नाव यूएआर्टचं (सिरियल पोर्टचं), काम आय-टू-सीचं, कारण पिनेला पहिल्या मोडचंच नाव राहतं. कुठल्या मोडमध्ये ती आय-टू-सी२ ची डेटा तार होते? हा तक्ता मोठ्या मॅन्युअलमध्ये नाही, प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये आहे: मोड ३. मोड लिहायचं रजिस्टर मात्र मोठ्या मॅन्युअलच्या कंट्रोल मॉड्यूल प्रकरणात: ऑफसेट हेक्स ९७८. हाच आकडा डिव्हाइस ट्रीत कच्चा लिहिला तर चुकतो, कारण तिथला पिनकंट्रोलचा नोड हेक्स ८०० पासून सुरू होतो आणि ऑफसेट १७८ होतो. मॅक्रो वापरला तर वजाबाकी तोच करतो. जुन्या उदाहरणात १७८, मॅन्युअलमध्ये ९७८, आणि दोन्ही बरोबर.

दुसरा नेहमीचा अनुभव: रजिस्टरचा पत्ता बरोबर, मॅपिंग बरोबर, तरी वाचताक्षणी 'अनहँडल्ड फॉल्ट: एक्सटर्नल अबॉर्ट' येऊन सगळं कोसळतं. त्या भागाचं क्लॉक बंद आहे. क्लॉक नसलेला भाग बसवर उत्तरच देत नाही. क्लॉकची माहिती त्या भागाच्या प्रकरणात नसून पॉवर-रिसेट-क्लॉक या वेगळ्या प्रकरणात असते, म्हणून सुटते. ड्रायव्हरमध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचा गेट-सिंक आधी, रजिस्टर नंतर.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: बीसीएम२८३५ च्या २०१२ च्या कागदात दिलेले ७ई ने सुरू होणारे पत्ते बसचे आहेत, प्रोसेसरला दिसणारे नाहीत. पहिल्या पायवर तोच भाग २० ने सुरू होतो, पाय २ आणि ३ वर ३एफ ने.

आणि एराटा. चिप बाजारात आल्यावर सापडलेल्या चुकांची ही यादी वेगळ्या पीडीएफमध्ये असते आणि मूळ मॅन्युअल दुरुस्त होईलच असं नाही. प्रत्येक नोंदीत चूक, कुठल्या सिलिकॉन रिव्हिजनवर आणि तोडगा असे भाग. एएम३३५एक्सच्या १.०, २.० आणि २.१ अशा रिव्हिजन आहेत. आपली कुठली ते चिपवरच्या छापावरून किंवा डिव्हाइस आयडी रजिस्टरातून काढा आणि मगच यादी वाचा, नाहीतर नसलेल्या रोगाची औषधं घेत बसाल. छापून भिंतीला लावायचं असेल तर एराटाची आपल्या उपयोगाची दोन पानं लावा. हजार पानांची झेरॉक्स काढण्याचा पैसा वाचवा.

व्हॉल्व्ह कार्ड: इथे मॅन्युअल तुम्हीच लिहायचं

मायक्रोकंट्रोलर तुमचा, फर्मवेअर तुमचं, म्हणजे त्याचं मॅन्युअल कुठेच मिळणार नाही. ते दोन पानांत आधी लिहा, ड्रायव्हर नंतर. आणि त्याआधी एक पर्याय तपासा: फर्मवेअरला एखाद्या प्रसिद्ध चिपची भाषा बोलायला लावा. पीसीएफ८५७४ या आठ पिनांच्या विस्तारक चिपला रजिस्टरच नाहीत. एक बाइट लिहिला की आठ आउटपुट, एक बाइट वाचला की आठ पिनांची स्थिती. सोळा पिनांसाठी पीसीएफ८५७५. कर्नलमध्ये तयार ड्रायव्हर आहे. तुमच्या कार्डाने हेक्स २० या पत्त्यावर हेच सोंग घेतलं तर ड्रायव्हर लिहायचाच नाही. व्हॉल्व्ह लॅचिंग (एका ठोक्याने उघडून किंवा मिटून तसेच राहणारे) असतील तर बिट बदलला की योग्य दिशेचा ठोका द्यायचं काम फर्मवेअर करेल.

पण सोंग घ्यायचं तर मूळ चिपचं पत्रक पूर्ण वाचा. वीज आल्यावर पीसीएफ८५७४ च्या सगळ्या पिना १ असतात, आणि कर्नलचा ड्रायव्हरही तेच गृहीत धरतो. तुमच्या कार्डात १ म्हणजे 'उघडा' असेल तर वीज येताच सगळे व्हॉल्व्ह उघडायची आज्ञा झाली. म्हणून १ म्हणजे बंद ठेवा आणि डिव्हाइस ट्रीत त्या पिना ॲक्टिव्ह-लो (० म्हणजे चालू) म्हणून नोंदवा.

या भाषेत न मावणारं काही हवं असेल, जसं ठोक्याची लांबी बदलणं, व्हॉल्व्हचा करंट मोजणं किंवा 'काम चालू आहे' हा संदेश, तर स्वतःचा नकाशा आणि स्वतःचा ड्रायव्हर. मग त्या दोन पानांत हे असलंच पाहिजे: शून्य क्रमांकाच्या रजिस्टरात कार्डाची ओळख आणि फर्मवेअरची आवृत्ती, म्हणजे प्रोबमध्ये चुकीचं कार्ड ओळखता येईल. प्रत्येक रजिस्टराची रिसेटची किंमत. दोन बाइटांच्या आकड्यात कुठला बाइट आधी. फ्लॅग कसा पुसतो. माझ्या मते १ लिहून पुसणं ठेवा आणि वाचून पुसणं टाळा. न वापरलेले बिट ० लिहायचे की होते तसे. कार्ड क्लॉकची तार ओढून धरतं (मास्टरला थांबवतं) का आणि जास्तीत जास्त किती वेळ, कारण हे सगळ्या मास्टरना (बस चालवणाऱ्या चिपना) जमत नाही. बीसीएम२८३५ च्या आय-टू-सीमध्ये नेमका याचाच दोष आहे. पत्ता निवडताना हेक्स ०० ते ०७ आणि ७८ ते ७एफ राखीव, ४८, ६८ आणि ५४ ते ५७ गेलेले.

आज्ञा पोचणं आणि काम होणं यांतलं अंतरही लिहा. सोळा व्हॉल्व्ह, सप्लाय बसू नये म्हणून एका वेळी एकच, ठोका समजा १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सगळे फिरायला १.६ सेकंद. आय-टू-सीवर पोच मात्र मिलिसेकंदाच्या आत मिळते. ड्रायव्हरने पोच मिळताच 'झालं' सांगितलं तर पंप आधी चालू होतो आणि व्हॉल्व्ह नंतर उघडतात. त्यासाठी 'काम चालू' बिट आणि ड्रायव्हरमध्ये मुदत घालून त्याची वाट पाहणं. मुदत संपली तर ईटाइम्डआउट ही चूक परत, अनंत लूप नाही.

ठोका चालू असतानाच वीज गेली तर व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत असेल हे लॅचिंग व्हॉल्व्हमध्ये कुणालाच माहीत नसतं. म्हणून कार्ड पुन्हा चालू झाल्यावर 'स्थिती अज्ञात' असा बिट उभा राहावा आणि ड्रायव्हरने तो पाहून सगळ्यांना बंदचा ठोका द्यावा. लिनक्स गोठलं तर किती सेकंदांनी कार्ड स्वतःहून व्हॉल्व्ह बंद करेल तो आकडाही याच पानावर, आणि तो बदलणारं रजिस्टरही.

कार्ड दुसऱ्या डब्यात, काही मीटर दूर असेल तर आय-टू-सी सोडून द्या. बसची एकूण कॅपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते, आणि लांब केबल ती लवकर खाते. शिवाय शेजारून पंपाच्या तारा जातात. तिथे आरएस-४८५ (लांब तारांसाठीची सिरियल जोडणी) वर मॉडबस (त्यावर बोलायची प्रचलित भाषा) घाला. मग कर्नलमध्ये तुमचा ड्रायव्हर लागतच नाही, यूएआर्टच्या डिव्हाइस ट्रीमध्ये आरएस-४८५ चे गुणधर्म लिहायचे आणि बाकी सगळं साध्या प्रोग्राममध्ये. रजिस्टरांची ती दोन पानं मात्र तशीच लागतील.